पाणंद, मोरी आणि वेस: तेरणा खोऱ्यातील एका बाजारगावाच्या पायी व सायकल मार्गांचे प्रकरण

लातूर आणि धाराशिव या दोन जिल्ह्यांच्या सीमेलगत, तेरणा नदीच्या खोऱ्यात, आठवडी बाजार आणि मोंढा (धान्याचा घाऊक बाजार) यांमुळे पंचक्रोशीत महत्त्व टिकवून असलेले एक गाव आहे. आसपासचे शेतकरी सोयाबीन, तूर आणि हरभरा घेऊन तेथील अडतीवर येतात. बाजाराच्या दिवशी भाजीवाल्या बायका, शेळ्या-कोंबड्या विकायला आणणारी माणसे आणि आठवड्याचा किराणा नेणारी कुटुंबे येतात. आठवीपासून पुढच्या वर्गांतील मुले-मुली तर रोज सकाळी येतात, कारण त्यांच्या गावची शाळा सातवीला संपते. गावाचे नाव येथे दिलेले नाही. ज्या वाटांविषयी लिहायचे आहे, त्यांतील काहींच्या बांधाचे वाद अजून पुरते मिटलेले नाहीत, आणि नाव दिले की शेत ओळखू येते, शेत ओळखू आले की माणूसही ओळखू येतो.

या गावाकडे पायी आणि सायकलने येणाऱ्यांची वाट नेमकी कोठे तुटते आणि ती जोडायला काय करावे लागले, एवढाच या लेखनाचा विषय आहे. नकाशे मिळवणे, अर्ज लिहिणे आणि शिवारफेरीत सोबत असणे या बाजूंनी या कामात माझा सहभाग सुरुवातीपासून राहिला. त्यातून माझे एक ठाम मत झाले आहे. अशा बाजारगावाभोवती चालण्याच्या आणि सायकलच्या वाटांचे जाळे नव्याने आखावे लागत नाही, कारण ते गावनकाशावर आधीच असते. ते तुटते ते दोन-चार नेमक्या जागी, आणि निधीचा पहिला रुपया त्या जागांवर खर्च झाला नाही तर मधल्या कितीही किलोमीटरवर खडी पडली तरी वाट वापरात येत नाही.

नकाशावरच्या वाटा

जुन्या वस्तीला चार दिशांना चार वेशी होत्या. दोन अजून उभ्या आहेत, उरलेल्या दोन केवळ पत्ता सांगण्यापुरत्या बोलण्यात शिल्लक आहेत. प्रत्येक वेशीतून एक वाट निघून शेजारच्या गावाला जाई आणि त्या गावाच्या नावाने ओळखली जाई. निजामाच्या राजवटीतील मोजणीपासून पुढे चालत आलेल्या गावनकाशांत या वाटा आजही दिसतात. त्या वाचायला फारशी विद्या लागत नाही, पण काय पाहायचे ते ठाऊक असावे लागते. एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारा ग्रामीण रस्ता दुहेरी रेषेने दाखवलेला असतो. ग्रामीण गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने दाखवतात आणि त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरली जाते. पायमार्ग तुटक एकेरी रेषेने दाखवतात आणि त्याची रुंदी सव्वाआठ फूट असते. जमीन मोजण्याची जुनी साखळी ३३ फुटांची. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा म्हणजे १,०८९ चौरस फुटांचा एक गुंठा. त्या साखळीची अर्धी लांबी साडेसोळा फूट होते आणि पाव लांबी सव्वाआठ फूट. पायी चालणाऱ्याला पाव साखळी रुंदीचा हक्क नकाशाने दिलेला आहे, ही गोष्ट शिवारफेरीत सांगितली तेव्हा बांधावर बसलेल्या बहुतेकांना ती नवी होती.

गाडीमार्ग आणि पायमार्ग ज्या सर्व्हे नंबरांतून जातात, त्यांच्या क्षेत्रात ते पोटखराबा म्हणून नोंदलेले असतात. म्हणजे जमीन शेतकऱ्याच्या नावावर असते, परंतु त्या पट्ट्यावर पीक घेणे अपेक्षित नसते आणि त्यावरून जाण्याचा इतरांचा हक्क मान्य केलेला असतो. पुढचे बहुतेक वाद या दुहेरी स्थितीतून उभे राहतात, आणि त्यांना केवळ अतिक्रमण म्हणून मोकळे होणे शेतकऱ्यावर अन्याय करणारे आहे असे मला वाटते.

या भागाच्या वाटांवर आणखी एका घटनेचा खोल परिणाम झालेला आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे झालेल्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर आणि धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. नवी गावे आखीव, रुंद रस्त्यांची आणि जुन्या गावठाणाच्या कितीतरी पट जागा व्यापणारी होती. दगडमातीच्या दाट घरांखाली माणसे गाडली गेली होती, त्यामुळे मोकळ्या रचनेचा आग्रह समजण्यासारखा होता. पण शेते जागची हलली नाहीत, आणि जुन्या गावठाणातून निघणाऱ्या पाणंदी, म्हणजे शेतांमधून जाणाऱ्या वाटा, नव्या वस्तीपर्यंत कोणी आणून जोडल्या नाहीत. आपल्या बाजारगावाच्या दक्षिणेचे गाव असेच पुनर्वसित आहे. तेथील माणूस बाजाराला निघाला की आधी जुन्या गावठाणाकडे उलटा जातो आणि मग पाणंदीला लागतो, किंवा सरळ डांबरी रस्त्याने येतो.

दक्षिणेची पाणंद

या पुनर्वसित गावाहून बाजारगावाला डांबरी जिल्हा मार्गाने पाच किलोमीटरच्या आसपास अंतर पडते आणि पाणंदीने साडेतीन किलोमीटरच्या. चालणाऱ्याची पाऊण तासाची आणि सायकलस्वाराची वीस मिनिटांची ही वाट आहे. तरीही आठवीच्या पुढे शिकणाऱ्या मुली सायकलने डांबरी रस्त्यानेच येत होत्या. या रस्त्याला साइडपट्टी नावापुरती आहे. गळीत हंगामात, म्हणजे दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन मार्चपर्यंत, उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर सकाळच्या शाळेच्या वेळेलाच कारखान्याकडे जातात. मागच्या ट्रॉलीला अनेकदा दिवा नसतो, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला असतो, आणि ट्रॅक्टर पुढे निघून गेला तरी दुसरी ट्रॉली वळणावर आत झुकते. मुली सायकलवरून उतरून कडेच्या चारीत उभ्या राहतात. असे प्रत्येक फेरीत अनेकदा करावे लागते, आणि आईवडिलांनी थंडीच्या महिन्यांत मुलींना घरी ठेवण्याचे हे एक कारण होते, असे मुख्याध्यापकांनी ग्रामसभेत स्पष्टपणे मांडले.

सायकली मात्र आलेल्या होत्या. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळते आणि २०२२ मध्ये ते ५,००० रुपये करण्यात आले. त्याहून लांबच्या मुलींसाठी याच कार्यक्रमातून एसटीच्या गाड्या धावतात. ही योजना मला मनापासून महत्त्वाची वाटते, कारण सायकल मिळाल्यामुळे शाळा न सुटलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. पण सायकल देणारे खाते वेगळे, रस्ता राखणारे खाते वेगळे आणि पाणंदीची नोंद ठेवणारे खाते तिसरेच, अशी विभागणी असल्यामुळे ती सायकल चालणार कोणत्या वाटेवर, हा प्रश्न कोणाच्याही टेबलावर नव्हता.

पाणंद दोन ठिकाणी तुटलेली होती. पहिली जागा बाजारगावाच्या बाजूचा चारेकशे मीटरचा पट्टा, जेथे तुटक दुहेरी रेषेचा गाडीमार्ग प्रत्यक्षात एका बांधाएवढा उरला होता. दुसरी जागा मधला ओढा, ज्यावर कधीही पूल नव्हता. उरलेली जवळपास तीन किलोमीटरची वाट चालण्याजोगी होती. बैलगाड्या कमी झाल्यापासून तिच्यावर बाभळी आणि घाणेरी वाढली होती, एवढेच.

अरुंद झालेल्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना शेते आहेत. कोणी एका रात्रीत रस्ता नांगरला, असे झालेले नाही. बैलाच्या औताने शेत नांगरले जाई तेव्हा गडी बांध सांभाळून वळत असे. ट्रॅक्टर आल्यावर वळायला जागा जास्त लागू लागली आणि दरसाल एखादे तास, म्हणजे नांगराची एक ओळ, पाणंदीत सरकत गेले. एका बाजूचा शेतकरी मोठा खातेदार आहे, दुसऱ्या बाजूच्याची जमीन एकरभराच्या आतली. दोघांनी समान रुंदी सोडावी, असा पहिला प्रस्ताव आला तेव्हा तो दिसायला न्याय्य होता. पण भूमी अभिलेख कार्यालयाकडून नकाशाची प्रत घेऊन मोजणी केल्यावर असे निघाले की सरकलेल्या तासांपैकी बराच भाग मोठ्या खातेदाराच्या बाजूचा होता. समान वाटणी झाली असती तर लहान शेतकऱ्याने न केलेल्या अतिक्रमणाची भरपाई केली असती. मोजणीची फी वर्गणीतून भरली गेली, आणि या सगळ्या खर्चात तीच रक्कम सर्वांत सार्थकी लागली असे माझे मत आहे.

कायद्याचा कोणता मार्ग धरावा, यावरही बराच खल झाला. मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली अस्तित्वातील वहिवाटीच्या रस्त्यातला अडथळा दूर करून मिळतो, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा लागतो, आणि येथे तर अडथळा कैक वर्षे तासातासाने वाढलेला. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदार सर्व्हे नंबरच्या हद्दीवरून, म्हणजे बांधावरून, शेतात जाण्याचा रस्ता देऊ शकतात. हे कलम ज्याला मुळात रस्ताच नाही अशा शेतकऱ्यासाठी आहे, नकाशावर असलेल्या गाडीमार्गासाठी ते लावण्याचे कारण नव्हते. शिवाय त्या निर्णयाविरुद्ध वर्षभरात दिवाणी दावा करता येतो, आणि मग पाणंदीत नांगर नाही तर तारीख फिरू लागते. शेवटी तहसीलदारांनी मंडळ अधिकारी, तलाठी आणि दोन्ही गावांचे सरपंच यांना घेऊन प्रत्यक्ष जागेवर बैठक घेतली, मोजणीच्या खुणा सर्वांदेखत दाखवल्या आणि दोन्ही खातेदारांच्या संमतीचा पंचनामा केला. संमती मिळाली, त्यामागे एक साधे कारण होते. सोयाबीन काढून झाल्यावर मळणीयंत्र आणि माल भरलेला टेम्पो शेतापर्यंत नेण्याची अडचण मोठ्या खातेदारालाही होती. पाणंद मुलींसाठी खुली करा, असे म्हटले असते तर ती खुली झाली नसती, असे मला खेदाने नोंदवावे लागते. ती मालासाठी खुली झाली आणि मुलींना तिचा उपयोग झाला.

काळ्या मातीवरचा मुरूम

पाणंद खुली करणे आणि ती पावसाळ्यात टिकवणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी अधिक कठीण आहे. येथील जमीन बेसॉल्टच्या झिजेतून तयार झालेली खोल काळी माती आहे. तिच्यातील चिकणमातीचे कण पाणी शोषून फुगतात आणि वाळले की आक्रसतात. म्हणून उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाच्या पहिल्या दोन पावसांत तीच जमीन पाय धरून ठेवते. सायकलसाठी ही माती चालणाऱ्यापेक्षाही वाईट ठरते. चिखल टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये दाबून बसतो, चाक फिरेनासे होते, आणि मग सायकल खांद्यावर घेऊन चालावे लागते. पावसाळ्यात पाणंद बंद होते असे सगळे म्हणतात, पण ती पायी माणसाला त्रासाची असते आणि सायकलला पूर्ण बंद असते, हा फरक अंदाजपत्रक करताना फारसा कोणी धरत नाही.

काम मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजनेतून घेण्यात आले. नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत रोजगार हमीच्या कामाला राज्याच्या निधीची जोड दिली जाई. ती जोड आवश्यकच होती. रोजगार हमीच्या कामात खर्चाचा किमान साठ टक्के भाग मजुरीवर आणि जास्तीत जास्त चाळीस टक्के साहित्यावर, असे प्रमाण राखावे लागे, आणि काळ्या मातीवरचा रस्ता हे मुळातच साहित्य खाणारे काम आहे. नुसत्या मजुरीत मातीवर माती टाकली जाते आणि पहिल्या पावसात ती शेतात परत जाते.

कामाचा क्रम असा ठरला. वरचा काळ्या मातीचा थर काढायचा, दोन्ही बाजूंना चाऱ्या खोदायच्या, मधल्या भागाला पाणी बाहेर ओघळेल असा उंचवटा द्यायचा, आणि मुरूम थराथराने टाकून प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर फिरवायचा. अंदाजपत्रकातील बाजूच्या चाऱ्या हा भाग गावकऱ्यांना सर्वांत नकोसा वाटत होता, कारण चारीसाठी दोन्हीकडून आणखी दोन-दोन फूट जाणार होते. चारी नको, तेवढा मुरूम जाड टाका, अशी मागणी बैठकीत झाली. मुरूम कितीही जाड टाकला तरी खालची माती भिजली की तो तिच्यात रुतत जातो, हे समजावून सांगायला वेळ लागला. शेवटी चाऱ्या झाल्या, पण बाजारगावाच्या टोकाला एका शेतासमोर त्या फारच उथळ ठेवल्या गेल्या.

ओढ्यावर सिमेंटच्या नळ्या टाकून फरशी पूल बांधण्यात आला. ओढ्याजवळ पाणंद बऱ्यापैकी तिरकी वळते, आणि ते वळण काढून रस्ता सरळ करावा असे तांत्रिक बाजूने सुचवले गेले होते. सरळीकरणाला खासगी जमीन लागली असती, हे एक कारण झालेच, पण त्याहून महत्त्वाचा मुद्दा गावातल्या बायकांनी मांडला. रस्ता सरळ झाला तर उसाच्या दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर पुढच्या हंगामात डांबरी रस्ता सोडून दीड किलोमीटर वाचवण्यासाठी पाणंदीनेच जातील, आणि ज्या धोक्यातून मुलींना बाहेर काढायचे तोच पाणंदीत येईल. वळण आहे तोवर एक ट्रॉली वळते, दोन वळत नाहीत. वळण तसेच ठेवले गेले. संपूर्ण प्रकरणात मला सर्वांत मोलाचा वाटलेला निर्णय हाच आहे, आणि तो कोणत्याही मार्गदर्शक पुस्तिकेतून आलेला नाही. रोज त्या रस्त्याने डोक्यावर पाटी घेऊन जाणाऱ्या बायकांनी तो सुचवला आणि अभियंत्याने तो मान्य केला, याचे श्रेय दोघांनाही द्यायला हवे.

फरशी पुलाच्या दोन्ही बाजूंना रंगाच्या पट्ट्या मारलेले खांब रोवले आहेत. पाणी खालच्या पट्टीला लागले की मुलींनी डांबरी रस्त्याने यायचे आणि त्या दिवशी उशीर झाला तर हजेरीत तो धरायचा नाही, असे शाळेने ठरवले.

बायपासखालची मोरी

पूर्वेकडची गोष्ट वेगळी आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत मराठवाड्यातून जाणारे मोठे रस्ते चौपदरी झाले. सोलापूर-धुळे हा राष्ट्रीय महामार्ग ५२ आणि तुळजापूर-लातूर-नांदेड-यवतमाळ या बाजूने जाणारा ३६१ यांच्यावरील कित्येक गावांना वळसा घालून बायपास काढण्यात आले. जड वाहने पेठेतून बाहेर गेली, हा त्याचा मोठा लाभ आहे आणि तो नाकारता येणार नाही. आपल्या बाजारगावालाही असाच एक बायपास मिळाला. त्याचा भराव पूर्व वेशीतून निघणाऱ्या जुन्या गाडीमार्गावर आडवा पडला, आणि पलीकडचे एक लहान गाव व तांडा बाजारापासून तुटले. वाहनांसाठी भुयारी मार्ग आहे, पण तो दीडेक किलोमीटर अलीकडे, मुख्य रस्त्याच्या जोडावर. पायी येणाऱ्याला जाऊन-येऊन तीन किलोमीटरचा वळसा पडतो, आणि पाठीला लेकरू, डोक्यावर माळव्याची (भाजीपाल्याची) पाटी असलेली बाई तो वळसा घेत नाही. ती दुभाजकातल्या फटीतून रस्ता ओलांडते.

त्या ओलांडण्यात काय जोखीम आहे, हे साध्या हिशेबाने दिसते. एका बाजूच्या दोन पदरांची रुंदी ७ मीटर, कडेचा पक्का पट्टा धरून सुमारे साडेआठ मीटर. ओझे घेतलेला माणूस सेकंदाला मीटरभर चालतो, म्हणजे एक बाजू पार करायला त्याला साडेआठ सेकंद लागतात. ताशी ८० किलोमीटर वेगाचे वाहन तेवढ्या वेळात १९० मीटरच्या जवळपास अंतर कापते. बायपास त्या जागी किंचित वळलेला आहे आणि दुभाजकात कण्हेर वाढलेली असते. १९० मीटर पलीकडचे वाहन तेथून दिसतच नाही. पुढे सुरक्षेच्या कारणाने फट बंद करण्यात आली. तेव्हापासून लोक भरावाखालच्या पाण्याच्या मोरीतून ये-जा करू लागले.

ही मोरी दोन गाळ्यांची, काँक्रीटची, पूर्ण उंचीचा माणूस मान न वाकवता जाईल एवढी उंच आहे. उन्हाळ्यात ती चांगली पायवाट असते. पावसाळ्यात दोन्ही गाळ्यांत गुडघाभर पाणी आणि त्याखाली गाळ. दोहोंपैकी एका गाळ्याची तळफरशी फूट-दीड फूट उचलून ओटा करावा, म्हणजे नेहमीचे पाणी दुसऱ्या गाळ्यातून जाईल आणि ओट्यावरून माणसे व हातात धरलेल्या सायकली जातील, असा प्रस्ताव आम्ही दिला. महामार्गाचे काम पाहणाऱ्या कार्यालयाने तो नाकारला नाही, मंजूरही केला नाही. ओट्यामुळे मोरीची पाणी वाहून नेण्याची जागा कमी होते, आणि मोठ्या पुरात भरावामागे पाणी तुंबून पलीकडची शेते बुडू शकतात, हा त्यांचा आक्षेप योग्य आहे. त्याचे उत्तर जलशास्त्रीय हिशेबानेच देता येते आणि तो हिशेब करून घेण्याची जबाबदारी कोणाची, यावर पत्रव्यवहार थांबलेला आहे. दरम्यान दोन्ही तोंडांना घसरण कमी करणारा उतार, गाळ काढणे आणि एका बाजूला दिवा, एवढे ग्रामपंचायतीने करून दिले.

येथे एक आठवण नमूद करावीशी वाटते. अश्विन पौर्णिमेला तुळजापूरला पायी जाणाऱ्या भाविकांसाठी दरवर्षी सोलापूरकडची जड वाहतूक इतर मार्गांनी वळवली जाते, रस्त्याची एक बाजू चालणाऱ्यांना मोकळी मिळते, कडेला पाण्याची सोय होते. चालणाऱ्या माणसाला रस्ता देणे प्रशासनाला जमते आणि ते उत्तम जमते. आठवडी बाजाराला चालत जाणारी बाई त्याच महामार्गावर, त्याच जिल्ह्यात, वर्षाचे बावन्न आठवडे येते.

मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाल्यावर पूर्वेकडच्या बऱ्याच बायका बसने येऊ लागल्या, आणि मोरीचा प्रश्न आपोआप सुटला असे काहींनी म्हटले. पण बस सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. पहाटे माळवे तोडून ते ओलावा असताना बाजारात पोचवायचे असेल तर बसची वेळ जुळत नाही, आणि शेळी तर बसमध्ये चढू देत नाहीत.

वेशीच्या आत

गावात शिरल्यावरचा भाग लांबीने थोडा आहे. बाजाराच्या दिवशी दक्षिण वेशीपासून मोंढ्यापर्यंतच्या रस्त्यावर दुकानांच्या पायऱ्या, दुचाकी, हातगाडे आणि माल उतरवणारे टेम्पो यांच्यातून सायकल चालवता येत नाही, ती हाताने धरून न्यावी लागते. ग्रामपंचायतीने बाजाराच्या दिवशी दुपारपर्यंत त्या रस्त्यावर टेम्पोंना बंदी घातली आणि माल उतरवण्यासाठी मागची गल्ली दिली. हमालांचा विरोध होता, कारण गल्लीपासून दुकानापर्यंत पोते जास्त अंतर वाहावे लागते. त्यांच्यासाठी चार हातगाड्यांची व्यवस्था अडत्यांनी केल्यावर विरोध मावळला. हा नियम पाळला जातो की नाही, हे त्या दिवशी कोणता कर्मचारी ड्युटीवर आहे यावर अवलंबून असते.

तीन पावसाळे

पाणंदीचे काम २०२३ च्या उन्हाळ्यात संपले. त्या वर्षी मराठवाड्यात पाऊस तुटीचा झाला, आणि वाट कोरडी राहिल्यामुळे काम पक्के झाले असे सर्वांना वाटले. कमी पावसाच्या वर्षात केलेल्या कामाची परीक्षा झालेली नसते, हे तेव्हा कोणी मोठ्याने म्हटले नाही. २०२४ चा पाऊस चांगला झाला आणि उथळ चारीसमोरचा तोच पट्टा रुतला. तेथून पाण्याला वाट नव्हती. शेतकऱ्याने चारीत माती लोटून पलीकडे जाण्यासाठी फळी टाकली होती, आणि त्याचीही अडचण खरी होती, कारण चारीवर त्याच्या शेतात उतरण्यासाठी नळी टाकणे अंदाजपत्रकात कोणी धरलेच नव्हते. पुढच्या उन्हाळ्यात तेथे एक नळी टाकली गेली आणि चारी खोल केली गेली.

मग सप्टेंबर २०२५ ची अतिवृष्टी आली. धाराशिव, बीड, लातूर आणि सोलापूरच्या शिवारांत नद्यांचे पाणी आठवडाभर पसरले, सोयाबीन उभे कुजले, कित्येक शेतांवरची माती खरवडून गेली. आपल्या ओढ्यावरच्या फरशी पुलावरून पाणी वाहिले आणि पुनर्वसित गावाच्या बाजूचा भराव वाहून गेला. पूल स्वतः टिकला. मुरमाचा रस्ता ओढ्याच्या खोलगट भागात धुपला, पण जेथे चाऱ्या खोल होत्या तेथे पाणी उतरल्यावर चार दिवसांत सायकली चालू लागल्या. त्या पंधरवड्यात डांबरी जिल्हा मार्गही दोन ठिकाणी तुटला होता, आणि रेशनचे धान्य व औषधे पुनर्वसित गावात नेण्यासाठी हीच पाणंद वापरली गेली. वाहून गेलेला भराव गावकऱ्यांनी तात्पुरता दगड रचून भरला आहे. तेथे बाजूला दगडी पिचिंग झाले नाही तर पुढच्या पुरात तो पुन्हा जाईल.

पाणंदीची कागदोपत्री बाजूही अपुरी आहे. मे २०२५ च्या शासन निर्णयानुसार शेतरस्ता किमान तीन ते चार मीटर रुंद ठेवून त्याची नोंद सातबाऱ्यावरील इतर हक्कांत घेणे अपेक्षित आहे. दक्षिणेच्या पाणंदीवरील दोन्ही खातेदारांच्या सातबाऱ्यांवर ती नोंद घेण्यासाठी पंचनाम्याची प्रत जोडून अर्ज देण्यात आला आहे. मोठ्या खातेदाराच्या जमिनीच्या वाटणीचा विषय त्याच्या घरात चालू आहे, आणि वाटणी होण्याआधी नोंद झाली नाही तर उद्या चार नवे खातेदार पुन्हा चार मते घेऊन उभे राहतील. पूर्वेकडच्या मोरीसाठी जलशास्त्रीय हिशेब अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांकडून प्रकल्प म्हणून करून घ्यावा, असे ठरले आहे. त्यासाठी ओढ्याच्या वरच्या पाणलोटाची मोजणी रब्बीची काढणी झाल्यावर सुरू करायची आहे, आणि पाणंदीच्या चाऱ्या मृगाआधी उपसण्याचा खर्च दोन्ही ग्रामपंचायतींनी निम्मा-निम्मा उचलावा, हा ठराव येत्या ग्रामसभेपुढे आहे.